‘तुका म्हणान देतंय’ म्हणत गळ्यात मारलेली रायफल

मित्राकडून जुनी एअर रायफल घेणार असाल तर हातात आल्या आल्या नेम धरून बघू नका. आधी तिच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. मी वाचली नाही.

2024 ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने कांस्य मिळवलं आणि आमच्या घरात नेमबाजी शिरली. तो राधानगरी तालुक्यातला, म्हणजे फोंडा घाट चढला की आलाच त्याचा तालुका. त्याचा प्रकार 50 मीटरचा, त्या रायफलीला परवाना लागतो. लेकीने धरलं 10 मीटर एअर रायफल. त्यात परवान्याची भानगड नाही, पण नवी जर्मन रायफल अडीच-तीन लाखांच्या घरात. मालवणातल्या छोट्या दुकानावर एवढे कुठून काढायचे? शाळेपासूनचा एक मित्र पूर्वी हौसेने खेळायचा, त्याची पडून होती.

भाव ठरला त्याच्या पडवीत, सोलकढी पिताना. "अरे, तुका म्हणान देतंय. नवी तीन लाखाची, तू निम्मे दी. जॅकेट वर फुकट." घासाघीस करायची मलाच लाज वाटली. आत त्याची आई बांगडे तळत होती, आता तिथे बसून पाच हजारांसाठी वाद घालायचा? दीड लाख मोजून दिले.

सिलिंडरवर काळी चिकटपट्टी होती. "हाताक घाम येता, घसरू नये म्हणान," तो म्हणाला. मला पटलंसुद्धा. आमच्या दमट हवेत घामाचं कारण कोणालाही पटेल.

कोल्हापूरला स्पर्धेआधी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्याच्या तपासणीला, तिथल्या बाईंनी ती पट्टी नखाने सोलली. खाली कोरलेलं: 2013. या सिलिंडरांना कंपनी 10 वर्षांची मुदत देते आणि ती संपलेली नसणं ही खेळाडूची जबाबदारी असते. आत 200 बार दाबाची हवा भरलेली असते, त्यात गंमत नाही. त्या दिवशी लेक नुसती बसून राहिली. नवा सिलिंडर मला 27,000 ला पडला. फुकटचं नेमबाजीचं जॅकेटही उपयोगाचं नव्हतं. ते ज्याच्या त्याच्या मापाचं शिवतात, लेकीच्या खांद्यावर ते पोत्यासारखं लोंबायचं.

मग एका जाणत्या प्रशिक्षकांनी रायफल उघडली. गालपट्टीच्या खाली, जिथे कोणी पुसत नाही, तिथे खाऱ्या वाऱ्याने गंज धरला होता. त्यांनी सांगितलं, सिलिंडर भरून रायफलीला लावा, रात्रभर ठेवा, सकाळी दाबाचा काटा उतरला असेल तर हवा अडवणारे सील गेलेत. रायफल टेकवून 10 मीटरवरून पाच पेलेट (छर्रे) मारा, सगळे जवळजवळ एकाच भोकातून गेले पाहिजेत. 10 गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे "बरा मारता" ला अर्थ नाही. आणि भाव ठरवायचा तो नव्याच्या निम्मा असा नाही. नवा सिलिंडर, सील, सर्व्हिसिंग यांचा खर्च आधी वजा, जॅकेट मापाचं नसेल तर त्याची किंमत शून्य, मग पुढची बोलणी. या हिशेबाने माझी रायफल लाखाच्या आतच बसत होती.

मित्राला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "घरात मारूक चलता मां!" म्हणजे तारीख त्याला ठाऊक होती.

मे महिन्यात त्याने हापूसची पेटी पाठवली. दोन डझन.