झडपेची बरणी: पेरूसाठी पास, रिंगेत नापास

सोलापूरच्या नवी पेठेतून फळं आंबवायला दोन लिटरची, झाकणाला झडप असलेली काचेची बरणी आणली. गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांतले किलोभर पिकलेले पेरू कुस्करले, २० ग्रॅम मीठ चोळून दाबून भरले. चौथ्या दिवशी बुडबुडे आणि ताकासारखा आंबूस वास! गॅस झडपेतून आपोआप जातो, रोज झाकण उघडायची कटकट नाही. (सासूबाई मात्र "नासलंय गं ते" म्हणत राहिल्या.) चाळणीतून बिया काढून ६०० ग्रॅम साखरेत आटवलं. पेरूत पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) भरपूर, त्यामुळे जॅम छान धरला. खारट-आंबट-गोड, कडक भाकरीवर तर झकासच. तक्रार रबरी रिंगेची: दुसऱ्याच खेपेला सैल पडली आणि दुकानदार म्हणतो सुटी मिळत नाही. डाळिंबाचा जॅम पातळच राहिला, पण डाळिंबात पेक्टिन कमी; तो दोष बरणीचा नव्हे.