बनावट तिकिटे, खरे पैसे : थीम पार्कच्या सहलीत गेलेले ३१,५५१ रुपये

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना थीम पार्कला न्यायचे ठरवले आणि त्या तिकिटांच्या नावाखाली आमच्या कुटुंबाची ३१,५५१ रुपयांना फसवणूक झाली. पार्कचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण फसवणूक पार्कने केलेली नाही, त्याच्या नावाने दुसऱ्याच कोणीतरी केली. बँकेचे आणि पोलीस ठाण्यांचेही नाव देत नाही, कारण तक्रारी अजून चालू आहेत. बनावट संकेतस्थळ, व्हॉट्सॲपवरचा गोड बोलणारा माणूस आणि क्यूआर कोड हा प्रकार आता सर्वांना माहीत आहे, त्यामुळे तो पहिल्यापासून समजावून सांगण्यात अर्थ नाही. परंतु या टोळीने जी युक्ती वापरली ती पैसे काढण्याची कमी आणि वेळ काढण्याची अधिक होती, आणि ती कोणी नीट सांगितलेली मला आढळली नाही, म्हणून लिहीत आहे.

आम्ही कराडचे. मी एका पतसंस्थेत हिशेब तपासण्याचे काम करते. हे मुद्दाम सांगते, कारण फसवणुकीची गोष्ट ऐकली की "लोभापायी गेले असतील" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला कोणी नव्वद टक्के सूट दाखवलेली नव्हती. दाखवलेला दर पार्कच्या नेहमीच्या दरापेक्षा किंचित कमी होता, आणि तोही गटासाठी. मोठी पार्के शाळांना, कंपन्यांना आणि मोठ्या गटांना अशी सवलत देतात, हे सहल आखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

आम्ही नऊजण होतो : आम्ही दोघे, दीर आणि जाऊबाई, सासू-सासरे आणि तीन मुले. सुट्टीतल्या शनिवारी अशा पार्कमध्ये काय गर्दी असते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना तिकिटे आधी काढून ठेवण्याची घाई समजेल. दर दिवसागणिक बदलतात, काही तारखांची तिकिटे संपतात आणि दुपारच्या जेवणाला तासभर रांगेत उभे राहावे लागते. गटाच्या बुकिंगचा क्रमांक हवा म्हणून मी मोबाइलवर पार्कचे नाव शोधले. सर्वांत वर जे संकेतस्थळ आले त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत "प्रायोजित" असे लिहिलेले असते. म्हणजे ती जागा पैसे भरून घेतलेली जाहिरात असते आणि ती कोणीही घेऊ शकतो. संकेतस्थळावर बोधचिन्ह तेच, राइड्सची छायाचित्रे तीच, पत्त्याच्या पट्टीत कुलपाची खूणही होती. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे याची हमी ते कुलूप देत नाही. हे मला आता कळले आहे, पण जाहिरातीची जागा विकणाऱ्यांना ते कधीपासून ठाऊक आहे, आणि तरीही ती जागा चोराला भाड्याने मिळते.

व्हॉट्सॲपवर जो माणूस बोलू लागला तो शुद्ध मराठीत आणि "ताई" म्हणून बोलत होता. त्याने सर्वांत आधी मुलांची उंची विचारली. अशा पार्कांमध्ये लहान मुलांचे तिकीट बहुधा वयावर नव्हे तर उंचीवर ठरते आणि मोठ्या राइड्सना उंचीची अट असते, हे तुम्हाला माहीत असेलच. मी तिघांना भिंतीशी उभे करून उंची मोजली आणि कळवली. तेव्हा तोच म्हणाला, "ताई, धाकट्याला मोठ्या राइड्सवर बसू देणार नाहीत, त्याचे फास्ट ट्रॅक घेऊ नका, सहाशे रुपये उगाच जातील." फास्ट ट्रॅक म्हणजे राइडची लांब रांग टाळण्याचे जादा तिकीट. स्वतःचे सहाशे रुपये कमी करून घेणारा माणूस चोर असेल असा संशय कोणाला आणि का यावा? सासऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करून त्याने ज्येष्ठ नागरिकांचा कमी दरही आपण होऊन लावला.

हिशेब असा होता : चार मोठ्यांचे प्रत्येकी १,३५० प्रमाणे ५,४००, दोन ज्येष्ठांचे ९५० प्रमाणे १,९००, तीन मुलांचे १,०५० प्रमाणे ३,१५०, नऊ जेवणांचे ३२५ प्रमाणे २,९२५ आणि चार फास्ट ट्रॅकचे ६०० प्रमाणे २,४००. एकूण १५,७७५ रुपये.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर एका व्यक्तीचे नाव आले, पार्कचे नाही. हाच तो क्षण, आणि तो माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपमध्ये पैसे घेणाऱ्याचे बँकेच्या नोंदीतले नाव दिसले पाहिजे असा नियम आहे, म्हणजे ते नाव खोटे नव्हते. पिन टाकण्यापूर्वी यंत्राने मला खरे सांगितले होते. मी विचारलेही. उत्तर आले, की गटाची सवलत अधिकृत वितरकामार्फतच मिळते आणि हे वितरकाचे खाते आहे. ते मला पटले आणि का पटले तेही सांगते. त्याच दिवशी टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याने आगाऊ रक्कम स्वतःच्या नावावर घेतली होती. मुलांच्या शाळेच्या सहलीचे पैसे एका शिक्षकांच्या खात्यावर जातात. आपल्याकडे निम्मा व्यवहार माणसाच्या नावावर चालतो, संस्थेच्या नावावर नाही, आणि ही सवय या टोळ्यांना आपल्याइतकीच ठाऊक असते. तरीही लिहून ठेवा : कोणत्याही मोठ्या पार्कचे तिकीट एखाद्या व्यक्तीच्या नावावर पैसे भरून मिळत नाही. वितरक, प्रतिनिधी, भागीदार, काहीही सांगोत, नाव दिसले की थांबा.

पैसे गेले आणि निरोप आला, की रक्कम जमा झाली पण बुकिंगशी जुळली नाही, तीच रक्कम पुन्हा पाठवली तर प्रणाली ती नाकारेल, म्हणून एक रुपया वाढवून १५,७७६ पाठवा, पहिली रक्कम कामकाजाच्या सात दिवसांत आपोआप परत येईल. शनिवारची तिकिटे संपत आली आहेत, हेही सोबत होतेच. आमच्या पतसंस्थेत एखादी पावती चुकीच्या खात्याला लागली तर आम्ही नोंद उलटवतो, सभासदाकडून पुन्हा पैसे मागत नाही. हे काम मी रोज करते. पण तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते, जाऊबाई फोनवर होत्या, मुले कोणत्या राइडवर आधी बसायचे यावरून भांडत होती, आणि आधीचे १५,७७५ रुपये अडकलेले होते, म्हणून मी १५,७७६ पाठवले. अडकलेले पैसे सोडवण्यासाठी माणूस पुढचे पैसे देतो, लोभासाठी नाही. दुसऱ्यांदा पैसे मागितले गेले की तेथेच संबंध तोडा, मग कारण कितीही तांत्रिक असो.

तिसऱ्यांदा "परताव्याची अनामत" म्हणून ७,८८८ रुपये मागितले, तेव्हा मी नकार दिला आणि पोलिसांत जाईन असे कळवले. येथे त्याने खरा डाव टाकला. तो चिडला नाही, गायबही झाला नाही. त्याने माफी मागितली आणि अर्ध्या तासात नऊ तिकिटांची पीडीएफ पाठवली, प्रत्येकावर नाव, तारीख आणि क्यूआर कोड. ती पाहून माझा राग शांत झाला. परताव्याबद्दल विचारले की दिवाळीच्या बँक सुट्ट्यांचे कारण मिळे, तेही विनम्रपणे. हातात तिकिटे असलेला माणूस तक्रार करत नाही, तो सहलीच्या दिवसाची वाट पाहतो. तेवढ्या अवधीत पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जातात आणि रोख काढले जातात. त्या नऊ कागदांनी आम्हाला गप्प बसवले, आणि त्यासाठीच ते बनवले होते.

पार्कच्या दारात एकही कोड चालला नाही. खिडकीवरचा कर्मचारी म्हणाला, की अशी तिकिटे घेऊन लोक नेहमी येतात आणि संकेतस्थळावर सूचना लावलेली आहे. आम्ही पहाटे निघून, गाडीचे ९,५०० रुपये भरून आलो होतो. तीन मुलांचे १,२९९ प्रमाणे आणि दीर-जाऊबाईंचे १,६९९ प्रमाणे असे आणखी ७,२९५ रुपये देऊन त्या पाचजणांना आत पाठवले. सासू-सासरे दिवसभर गाडीत बसून राहिले आणि आम्ही दोघे पोलीस ठाण्याच्या शोधात निघालो. या रकमा मी वरच्या आकड्यात धरलेल्या नाहीत.

१९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर मी दारातूनच फोन केला, तेथे तक्रार नोंदली गेली आणि पोच क्रमांकही आला. फसवणूक झाली असेल तर सर्वांत आधी हे करा, नंतर घरच्यांना सांगा. पैसे खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात. आमच्या बाबतीत साखळीतल्या एका खात्यात १,८४० रुपये सापडले आणि ते रोखून धरले गेले. ते सोडवण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणा, असे मला सांगण्यात आले. १,८४० रुपयांसाठी वकील कोणता मिळणार?

पार्कजवळच्या ठाण्यात अंमलदार म्हणाले, "ताई, पैसे तुमच्या गावातून गेलेत ना? मग तिकडंच तक्रार करा." आमच्या गावच्या ठाण्यात उत्तर मिळाले, की प्रकार पार्कच्या दारात उघड झाला, म्हणून तिकडेच जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते. हे कलम मी छापून नेले. त्यावर, माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास निरीक्षक दर्जाचा अधिकारीच करू शकतो आणि साहेब बंदोबस्तावर आहेत, असे सांगण्यात आले. तपासाचा नियम खरा आहे, पण तो तक्रार न घेण्याचे कारण कसा होतो? शेवटी साधा "तक्रार अर्ज" घेतला गेला, गुन्हा नोंदला नाही. "एवढ्या उशिरा आल्यावर काय सापडणार?" हे वाक्य मला दोन्ही ठाण्यांत ऐकावे लागले. उशीर व्हावा म्हणूनच ती तिकिटे बनवली होती, हे मी दोन्ही ठिकाणी सांगितले आणि कोणीही ते लिहून घेतले नाही. ठाण्याने नकार दिला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. तीही तरतूद त्याच कलमात आहे आणि मी तसे केले आहे.

बँकेचा अनुभव याहून संतापजनक आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार अनधिकृत व्यवहारात, ग्राहकाचा हात नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याला तोटा सोसावा लागत नसे. पण आमचा व्यवहार "अधिकृत" ठरला, कारण पिन मी स्वतः टाकला. शाखाधिकारी हे वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकवत राहिले. माझ्या अर्जावर पोच म्हणून शिक्का मारायलाही ते तयार नव्हते. पोच मिळाल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाही असे सांगितल्यावर शिक्का मिळाला. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय परतू नका, कारण बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना तोच कागद लागतो.

आणि माझा प्रश्न पिनचा नाहीच. ज्या खात्यात माझे पैसे गेले, तेही कोणत्या तरी बँकेने आधार आणि पॅन पाहून, छायाचित्र घेऊन उघडलेले आहे. मला पतसंस्थेत एका सभासदाची केवायसी अपुरी राहिली तर लेखापरीक्षकाला उत्तर द्यावे लागते. तेथे मात्र अनोळखी लोकांचे पैसे एका खात्यात दिवसभर येतात आणि लगेच बाहेर जातात, आणि बँकेतल्या कोणाला ते दिसत नाही? त्या माणसाचे नाव माझ्या मोबाइलवर आहे, त्याचा पत्ता त्याच्या बँकेत आहे, आणि तरी तो सापडत नाही म्हणून मला सांगितले जाते. खाते भाड्याने देणारा तो गरीब मुलगा असेल, खरा चोर दुसराच असेल, हे मला मान्य आहे. पण त्या मुलाच्या दारापर्यंत तरी कोणीतरी जायला हवे.

ज्यांची सहल अजून व्हायची आहे त्यांनी संकेतस्थळाचा पत्ता जाहिरातीवरून नव्हे तर पार्कच्या स्वतःच्या ॲपवरून किंवा जुन्या खऱ्या तिकिटावरून घ्यावा. तिकिटे आधीच आली असतील तर सहलीच्या दिवसाची वाट न पाहता आजच पार्कला फोन करून बुकिंग क्रमांक तपासून घ्यावा. आम्ही तो फोन केला असता तर कदाचित १,८४० पेक्षा अधिक रक्कम रोखली गेली असती. केंद्राच्या सायबर तक्रार पोर्टलवर संशयित मोबाइल क्रमांक आणि यूपीआय आयडी तपासण्याची सोय आहे, तीही वापरावी. संभाषण पुसू नका, पलीकडच्याने पुसण्याआधी पडद्याची चित्रे काढून ठेवा, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, कारण तक्रारीत आधी तोच विचारतात.

त्या माणसाचा क्रमांक मी १९३० वर दिला, पोलिसांना दिला, केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर संशयित फोन आणि संदेश कळवण्याची जी चक्षू सुविधा आहे तिच्यावरही नोंदवला. काल पाहिले तेव्हा तो चालू होता, पार्कचे बोधचिन्ह तसेच होते आणि स्टेटसवर नाताळच्या सुट्टीतील गट सवलतीची जाहिरात लागलेली होती.