कूलर चालू असताना कोणतं ॲप? एंडेल, ब्रेन एफएम आणि मायनॉईज

नागपुरात उन्हाळाभर खिडकीतला कूलर थंड हवेसोबत एक फुकटची सोयही देतो. त्याच्या एकसुरी घरघरीत रस्त्यावरचे हॉर्न आणि मंगल कार्यालयातला डीजे बऱ्यापैकी बुडून जातात. त्यामुळे झोपेसाठी किंवा अभ्यासासाठी आवाजाचं ॲप विकत घ्यायचं, तर ते कूलरपेक्षा जास्त काय देतं हे आधी बघावं. खास तुमच्यासाठी आवाज घडवतो, असं सांगणारी ॲप बरीच आहेत. तुमचं नेमकं काय बघून घडवतात, तिथे ती वेगळी पडतात.

एंडेल ही बर्लिनची कंपनी, 2018 सालची. दिवसाची वेळ, हवामान, तुमची हालचाल आणि स्मार्टवॉच असेल तर हृदयाचे ठोके, एवढं बघून ते त्या क्षणी आवाज जुळवत जातं. तेच ते गाणं पुन्हा वाजतंय असं होत नाही. एक बटण दाबलं की काम झालं. पण सूर इतके मऊ, तरंगते असतात की स्पीकरवर लावले तर कूलर ते गिळून टाकतो. इयरफोन हवाच. आणि बाहेर 45 अंश तापलेलं असताना हवामान बघून ते काय बदलतं, हे कानाला तरी उमगत नाही, बाप्पा! स्वतः काही फिरवाफिरवी करायची नसेल त्यांनी हे घ्यावं.

ब्रेन एफएमचा भर एकाग्रतेवर. संगीताच्या आवाजात फार जलद चढउतार मिसळलेले असतात आणि त्यांनी लक्ष टिकायला मदत होते, असा कंपनीचा दावा. त्यावर 2024 साली 'कम्युनिकेशन्स बायॉलॉजी' या नियतकालिकात एक अभ्यास आला. लक्ष टिकवायला अडचण येणाऱ्यांना फायदा दिसल्याचं त्यात म्हटलंय. संशोधकांमध्ये कंपनीची माणसंही आहेत, हे धरूनच तो वाचावा. अभ्यासिकेत बसणाऱ्या स्पर्धा परीक्षावाल्यांनी ॲपच्या चाचणीच्या मुदतीत वापरून बघण्यासारखं आहे. झोपेसाठी मात्र मी यावर पैसे घालणार नाही.

मायनॉईज दिसायला जुनाट, पण माझं मत त्यालाच. स्टेफान पिजॉन या बेल्जियन ध्वनी अभियंत्यानं ते 2013 साली सुरू केलं. पाऊस, झरा, गडगडाट, नुसता गोंगाट, असे कितीतरी आवाज. प्रत्येकाला दहा सरकपट्ट्या. खर्जाकडून तारस्वराकडे जाताना हवी ती पट्टी वरखाली करायची. खरी गंमत कॅलिब्रेशनमध्ये आहे. प्रत्येक पट्टीचा आवाज जेमतेम ऐकू येईल इथवर आणायचा; मग ॲप तुमचे कान, इयरफोन आणि खोलीतला गोंगाट असं सगळंच हिशेबात धरतं. म्हणजे कूलर चालू ठेवून कॅलिब्रेशन केलंत, तर त्याच्या घरघरीत जे सूर दबतात ते आपोआप वर येतात. पावसाळ्यात कूलर बंद झाला की पुन्हा जुळवायचं. बाकी दोघांना तुमच्या खोलीत काय वाजतंय याचा पत्ताच नसतो. वेबसाइट फुकट वापरता येते, वाटलं तर देणगी द्यावी. पट्ट्यांशी खेळायचा कंटाळा असेल तर हे आपलं नव्हे.

आयफोनवाल्यांनी पैसे भरण्याआधी सेटिंग्जमधलं ॲक्सेसिबिलिटी उघडावं. 2021 पासून तिथे 'बॅकग्राउंड साउंड्स' आहेत: पाऊस, समुद्र, ओढा, खर्जातला गोंगाट ('डार्क नॉईज'). जुळवाजुळव काही नाही, पण लाईट गेली, कूलर थांबला आणि वायफायही गेलं, तरी हे वाजत राहतं.

रात्रभर इयरफोन घालणार असाल तर आवाज बेताचा ठेवा. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास आहे, आणि रोजची झोपच आठवड्यात त्याहून जास्त भरते. एंडेल आणि ब्रेन एफएम दोन्ही वर्गणीवर चालतात. चाचणी सुरू केलीत की ऑटो-पेमेंट कधी कापलं जाणार, ती तारीख त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरात टाकून ठेवा.