गोव्यातली पोर्तुगीज नाणी: आधी रुपिया की एस्कुदो?

पोर्तुगीज अमदानीतली नाणी जमवायला घेताना पहिली अडखळ इथेच होते. रुपिया हे तिथलं जुनं चलन, एस्कुदो नंतरचं. दोन्ही सत्तांतराची साक्षीदार, पण सत्तांतरं वेगळी.

रुपियाची गोष्ट लिस्बनची. १९०३-०४ च्या रुपियावर राजा कार्लुश आहे. १९१० मध्ये राजेशाही गेली आणि १९१२ च्या रुपियावर राजाच्या जागी प्रजासत्ताकाची स्त्रीप्रतिमा आली. वजन मात्र तेच, ११.६६ ग्रॅम, ब्रिटिश रुपयाइतकं. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत अशीच. पण चांदीचा भाव चढला की रुपियाही चढतो. विकत घेताना वजन करून घ्या; ओतीव नकला असतात. कडी डाकून गळ्यात घातलेलं नाणं स्वस्त मिळालं तरी टाळा. शिवाय शंभरी ओलांडलेलं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

मी मात्र नव्या माणसाला एस्कुदोच सुचवतो. शेजारी भारतात १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले होते. गोव्यात १९५८ साली सोळा तांग्यांचा (तांगा म्हणजे तिथला आणाच) रुपिया जाऊन शंभर सेंताव्होंचा एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो. म्हणून तर नाणी अशी: १०, ३०, ६० सेंताव्हो आणि १, ३, ६ एस्कुदो. ३० सेंताव्हो कुणी कशाला पाडेल, असं वाटतं. पण ६० म्हणजे रुपियाचा दहावा भाग, ३० त्याच्या निम्मे, ३ एस्कुदो म्हणजे अर्धा रुपिया. नाव पोर्तुगालचं, हिशेब मात्र रुपयाचाच! बाजारहाट करणाऱ्या माणसांना रुपया सोडवत नव्हता, हे मला या आकड्यांत दिसतं.

यात चांदी नाही, त्यामुळे खिशाला झेपतं, आणि सहा किमतींचा संच पुरा होतो. ६ एस्कुदो फक्त १९५९ चं आहे, ते दिसलं की घ्या. १० आणि ३० सेंताव्हो कांस्याचे. आपल्या पावसाळी दमट हवेत त्यांवर हिरवा गंज धरतो. कोरड्या डबीत ठेवा, आणि समईसारखं चिंचेने घासू नका. नाण्याची मूळ कांती एकदा गेली की परत येत नाही.

१० सेंताव्होचं १९६१ सालचं नाणंही आहे. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. संचाची सुरुवात त्यानेच करा.