ठेव विमा: पाच लाखांचं कवच कुठवर पुरतं?

रिझर्व्ह बँकेनं एखाद्या बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध आणले की लहान ठेवीदाराला खरा आधार डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीच्या ठेव विम्याचाच. अर्ज करावा लागत नाही आणि हप्ता बँक भरते. मर्यादा पाच लाखांची, पण मुद्दल आणि व्याज मिळून. ४,८०,००० ची मुदत ठेव आणि तिच्यावर साचलेलं ३२,००० व्याज असेल, तर १२,००० विम्याबाहेर. ते अवसायकाच्या, म्हणजे बुडालेल्या बँकेची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, वसुलीतून निघाले तर निघाले.

सर्वात जास्त घोळ शाखांबाबत होतो. एकाच बँकेच्या तीन शाखांत पैसे विभागून काहीच साधत नाही, सगळ्यांची बेरीज होते. बँक वेगळी असेल तरच मर्यादा वेगळी. संयुक्त खात्याला मात्र वैयक्तिक खात्याव्यतिरिक्त स्वतंत्र पाच लाख मिळतात, आणि नावांचा क्रम बदललेलं दुसरं संयुक्त खातंही वेगळं धरलं जातं. त्याच बँकेचं देणं असेल तर ते आधी वजा होतं. पतसंस्थेतल्या ठेवींना हे कवच अजिबात नाही; हे तिथल्या काउंटरवर ठळक अक्षरांत लावायलाच हवं.

२०२१ च्या कायदादुरुस्तीनं ही सेवा खूप सुधारली. पूर्वी बँक अवसायनात जाईपर्यंत विम्याचा पैसा हलत नसे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. आता निर्बंधांपासून ९० दिवसांत पैसे द्यायचे असतात: ४५ दिवसांत बँकेनं ठेवीदारांची यादी द्यायची, ३० दिवस पडताळणी, १५ दिवसांत वाटप. केवायसी अपुरं असलं, विम्याचे पैसे हवेत असं संमतीपत्र भरलं नाही किंवा दुसऱ्या बँकेतलं वापरात असलेलं खातं कळवलं नाही, की पैसे अडकतात. विलीनीकरणाची शक्यता असेल तर रिझर्व्ह बँक मुदत आणखी ९० दिवस वाढवू शकते.

मोठा दोष धोरणाचा. १९९३ पासून २०२० पर्यंत मर्यादा एक लाखावरच गोठली होती. हप्त्याचा दरही सगळ्या बँकांना सारखा होता. एकाच बांधकाम समूहात बहुतांश कर्ज अडकवलेल्या पीएमसीला शिस्तीत चालणाऱ्या बँकेइतकाच दर लागत होता. म्हणजे बेफिकिरीची किंमत इतरांनी मोजायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जोखमीनुसार दर आकारण्याची घोषणा केली, हे उत्तमच. आपली बँक कोणत्या दरात बसते, हे ठेवीच्या पावतीवर छापणंही सक्तीचं करावं.