मराठी शीर्षकासाठी तयार ब्रश फॉन्ट की हाताने काढलेली अक्षरे?

नाटकाच्या जाहिरातीपासून मिसळीच्या हॉटेलापर्यंत आणि लग्नपत्रिकेपासून मंडळाच्या फलकापर्यंत खरखरीत काठांचे तेच कुंचल्याचे अक्षर, बहुधा भगव्या नाहीतर हळदी रंगावर, इतके दिसू लागले आहे की शीर्षक वाचण्याआधी फॉन्ट ओळखू येतो. मुखपृष्ठे करताना ही वाट टाळायची, तर अक्षरे स्वतः काढावीत किंवा सुलेखनकाराकडून काढून घ्यावीत, असा विचार मनात येतोच.

फॉन्टची बाजू लंगडी नाही. छपाईच्या आदल्या दिवशी प्रकाशकाने शीर्षकातला एक शब्द बदलला, तर फॉन्टमध्ये तो दोन मिनिटांत बदलता येतो. हाताच्या अक्षरांत बहुतेक वेळा सगळी रचनाच पुन्हा मांडावी लागते. शिवाय, मजकूर दुसरीकडे चिकटवला की अगम्य चिन्हे उमटण्याची जुन्या फॉन्टांची कटकट युनिकोडमुळे उरलेली नाही.

मला मात्र खटकत राहिली ती एकच गोष्ट. समजा, शीर्षक ‘नदीकाठच्या नोंदी’ असे आहे. ब्रश फॉन्टमध्ये दोन्ही ‘दी’ तंतोतंत सारख्या येतात. कोरड्या कुंचल्याचे केस फाकल्याने पडलेली पांढरी चीर दोन्हीकडे त्याच जागी, त्याच लांबीची असते आणि वेलांटीही त्याच टोकाला फाटलेली असते. छोट्या मजकुरात हे खपून जाते, पण मुखपृष्ठावर अक्षर दोन इंच उंच झाले की ती चीर शिक्क्यासारखी दिसते आणि हाताचा आव उघडा पडतो. एकाच अक्षराची दोन-तीन रूपे आलटून पालटून येतील अशी सोय फॉन्टमध्ये करता येते. परंतु जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टला मुळातच शेकडो आकार लागत असल्याने प्रत्येकाची पर्यायी रूपे काढण्याचा खटाटोप फार थोडे जण करतात.

हाताने काढताना पहिल्या ‘दी’ची वेलांटी मागच्या ‘न’वर झुकवता येते, दुसरी आखूड ठेवता येते, शिरोरेषा हवी तिथे तोडता येते. २०२० साली निधन पावलेले अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी काढलेली नाट्यशीर्षके पाहिली तर अक्षरांच्या वळणातूनच नाटकाची जात कशी कळते, हे ध्यानात येते. तिथे आकार शीर्षकातून निघालेला असतो, त्यामुळे तो दुसऱ्या कामावर सहसा उचलून ठेवता येत नाही. प्रचलित साच्यापासून दूर राहण्याचा याहून सोपा मार्ग निदान मला तरी सापडलेला नाही.

अर्थात, सुलेखनकाराचे मानधन आणि त्याला लागणारा वेळ प्रत्येक कामाला परवडेलच असे नाही, आणि सुंदर वळणाचे अक्षर असलेल्या प्रत्येकाला शीर्षकाची रचना जमते असेही म्हणता येणार नाही. मालिकेतली पंधरा-वीस पुस्तके एकाच साच्यात बसवायची असतील, तर फॉन्टच घ्यावा. फक्त कुंचल्याचे सोंग न घेणारा ‘मुक्ता’सारखा साधा, स्वच्छ फॉन्ट अशा ठिकाणी अधिक शोभतो, असे माझे मत आहे. एकट्या पुस्तकासाठी मी अक्षरे काढूनच घेतो, आणि शीर्षक पक्के झाल्याचे प्रकाशकाकडून लेखी आल्याशिवाय सुलेखनकाराला काम सांगत नाही.