पायाच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर, आठ महिने आणि २८ ची चौकट
इमारतींच्या पायाचं डिझाइन करणारं हे सॉफ्टवेअर मी आठ महिने वापरतोय. परवा त्याचा अपडेट आला आणि मी एकेका सिमेंटसाठी भरलेले कार्बन उत्सर्जनाचे आकडे पुसले गेले. जागी कंपनीचे मूळ आकडे. सपोर्टवाले म्हणाले, प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडा. उघडला. गेले ते गेलेच. म्हणून आज लिहायला बसलो.

सुरुवातीला मला हे खेळणंच वाटलं. खांबांचे भार आणि मातीची भारक्षमता दिली की सुटी फुटिंग (दर खांबाखाली वेगळा पाया), राफ्ट (सगळ्या खांबांखाली एकच सलग स्लॅब), पाइल (जमिनीत खोल जाणारे खांब) असे पर्याय कार्बनसकट समोर. पहिल्याच कामात चाळीस फुटिंगना चौतीस मापं काढून दिली! काँक्रीट वाचलं, पण दर मापाचा वेगळा साचा करावा लागणाऱ्या सेंटरिंगवाल्याने माझा उद्धार केला. मापांचे गट पाडायची सोय आहे, पण तिसऱ्या मेनूत दडलेली. ती आधी लावा.

माझं खरं भांडण मात्र एका करड्या चौकटीशी आहे. काँक्रीटची ताकद: २८ दिवस. म्हणजे ओतल्यावर २८ दिवसांनी असलेली ताकदच डिझाइनला धरायची. बदलताच येत नाही. सिमेंटच्या उत्सर्जनातला साधारण ६० टक्के कार्बन डायऑक्साइड चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो, भट्टीचं इंधन बदलून तो टळत नाही. मग क्लिंकर (भट्टीतून निघणारे खडे, जे दळून सिमेंट होतं) कमी करून स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी, दळलेली) घालायचा. असं काँक्रीट ताकद सावकाश धरतं, पण पायावर पूर्ण भार यायलाही महिने लागतातच की! ५६ दिवसांची ताकद धरली तर बिघडलं कुठे? २८ च्या हट्टापायी सिमेंट वाढवा, म्हणजे स्लॅगची कमाई तिथेच खर्च. चारदा कळवलं. चारही वेळा 'सूचना पुढे पाठवली आहे'.

पाचव्या महिन्यात मात्र मला थोडं नमावं लागलं. एका कामात मालक पाइल लोड टेस्टच्या, म्हणजे पाइलवर प्रत्यक्ष भार टाकून बघण्याच्या, खर्चाला तयार नव्हते. टेस्ट न करता आणि टेस्ट करून थोडा कमी सुरक्षा गुणक (सुरक्षेसाठी धरलेली जास्तीची ताकद) घेऊन, अशी दोन्ही डिझाइनं शेजारी शेजारी दाखवली. काँक्रीट आणि कार्बन दोन्हींतला फरक पाहून ते लगेच हो म्हणाले. टेस्ट चांगली आली, पाइलची लांबी दीड मीटरने घटली. मी काँक्रीटच्या ज्या मिक्सवरून इतकं डोकं फोडत होतो, त्याच्यापेक्षा जास्त कार्बन त्या दीड मीटरात वाचला. हे कबूल.

तरी दोनाऐवजी एकच लायसन्स पुढे चालू ठेवलंय, आणि माझे आकडे आता वेगळ्या शीटमध्ये. अपडेटच्या यादीत पहिलं काय, तर हिरव्या पानाचं नवं चिन्ह. चौकट अजून करडीच.